उपलब्ध प्रदूषकांचा आकडा दर वेळी बदलतो? अंश राहू द्या, आधी छेद तपासा

तक्रार जवळजवळ नेहमी सारखीच असते. 'माती तीच, पद्धत तीच, माणूसही तोच. सोमवारी उपलब्ध अंश ३८ टक्के आला, गुरुवारी ६१. टेनॅक्स खराब आहे का?'

टेनॅक्स (मातीतून सुटलेलं प्रदूषक टिपून घेणारे शोषक मणी) बहुतेक वेळा खराब नसतं. पीएएच (जोडलेल्या कार्बन-कड्यांची, डांबरात-काजळीत सापडणारी संयुगं), पीसीबी (जुन्या ट्रान्सफॉर्मर तेलातली क्लोरीनयुक्त संयुगं) किंवा जुन्या क्लोरीनयुक्त कीटकनाशकांनी दूषित झालेल्या मातीत त्यातलं किती सुटं होऊन जिवाणूंना, गांडुळांना, मुळांना मिळू शकेल, हे मोजताना होणारा हा घोळ मी इतक्यांदा निस्तरलाय की आता कुठून सुरुवात करायची ते ठरून गेलंय. उपलब्धतेची टक्केवारी म्हणजे साधा अपूर्णांक. वर (अंशात) सुटून आलेलं, खाली (छेदात) एकूण. सगळ्यांचं लक्ष वरच्या आकड्यावर असतं, कारण नवी पद्धत, महाग शोषक, २० तासांची घुसळण हे सगळं तिथं असतं. खालचा आकडा 'नेहमीचाच' म्हणून कुणी बघत नाही. चूक मात्र निम्म्याहून जास्त वेळा तिथंच सापडते.

लक्षणं

यातलं एक जरी दिसत असेल तरी पुढे वाचा.

उपलब्ध अंश १०० टक्क्यांच्या वर जातो. १०४ नव्हे, सरळ १२० किंवा १४०.

तीन पुनरावृत्त्या केल्या आणि तिघी एकमेकींना ओळखही दाखवत नाहीत.

हलक्या आणि जड संयुगांचा अंश जवळपास सारखाच येतो. तीन कड्यांच्या फेनॅन्थ्रीनचा ५५ टक्के आणि सहा कड्यांच्या बेंझो-जीएचआय-पेरिलीनचा ५२. हे लक्षण फार बोलकं आहे, त्याबद्दल खाली येईलच.

नॅफ्थॅलीन नमुन्यात आहे तेवढंच ब्लँकमध्येही (माती न घालता केलेल्या चाचणीत) आहे.

सुटून आलेलं आणि मातीत मागे राहिलेलं यांची बेरीज एकूण आकड्याशी जुळत नाही.

टेनॅक्स म्हणतं बरंच उपलब्ध आहे, पॉलिथिलीनची फिल्म म्हणते जवळजवळ काहीच नाही, आणि गांडुळं तिसरंच सांगतात.

आता तपासण्या. फुकटच्या आधी, खर्चिक नंतर. क्रम मोडू नका. पहिल्या चारांसाठी नवा पैसाही लागत नाही आणि बहुतेक प्रकरणं तिथंच मिटतात.

१. आपण नेमकं काय मोजलं, ते एका ओळीत लिहा

हसू नका. खुर्चीवरून न उठता होणारी ही तपासणी आहे आणि शेवटच्या लक्षणाचं कारण बहुधा इथंच निघतं.

'उपलब्धता' या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी वावरतात. एक म्हणजे मातीतून ठरावीक वेळात सुटून येऊ शकणारा साठा. तो मिलिग्रॅम प्रति किलो मातीत लिहितात. टेनॅक्स आणि सायक्लोडेक्स्ट्रिन (प्रदूषकाला आपल्या पोकळीत धरणारं, पाण्यात विरघळणारं साखरेचं कडं) हे मोजतात. दुसरी म्हणजे मातीच्या छिद्रजलात (कणांमधल्या पाण्यात) या घडीला मोकळी विरघळलेली संहती. ती नॅनोग्रॅम प्रति लिटरमध्ये येते. पॉलिथिलीन किंवा पॉलिऑक्सिमिथिलीनच्या फिल्म, सिलिकॉनचा थर दिलेले तंतू, म्हणजे एकूण पॅसिव्ह सॅम्पलर, हे मोजतात. पहिलं टाकीतलं पाणी, दुसरं नळाचा दाब. टाकी भरलेली असूनही दाब कमी असू शकतो. काजळी किंवा कोळशाचे कण भरपूर असलेल्या मातीत मोकळी संहती अगदी खाली जाते. दोन आकडे जुळत नाहीत म्हणजे एक चुकीचा आहे, असं समजून एका गटाने महिनाभर फिल्म बदलल्या. दोन्ही आकडे बरोबर होते.

दुसरं, वेळ. टेनॅक्सच्या पद्धतीत कुणी ६ तास घेतं, कुणी २४, कुणी ३०. कॉर्नेलिसन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये गाळावर दाखवलं होतं की ६ तासांत साधारणपणे जलद सुटणाऱ्या भागाचा निम्मा निघतो आणि ३० तासांत तो भाग जवळपास पूर्ण निघतो. म्हणजे तुमचा ६ तासांचा आकडा दुसऱ्याच्या ३० तासांच्या आकड्याशेजारी ठेवला तर फरक दिसणारच. सायक्लोडेक्स्ट्रिनची रीड, सेम्पल वगैरेंची मूळ पद्धत (२०००) २० तासांची आहे. आयएसओ १६७५१ या २०२० च्या मानकात दोन्ही वाटा दिल्या आहेत. तुमच्या अहवालात पद्धत, तास आणि तापमान हे तीनही लिहिलेले नसतील, तर पुढची तपासणी करण्याआधी ते शोधून काढा.

२. ओलाव्याचा हिशोब

दुसरी फुकटची तपासणी. शंभराच्या वर गेलेले आकडे दुरुस्त करताना मी सगळ्यात आधी इथं हात घालते.

एकूण प्रदूषक एका प्रयोगशाळेत मोजलं जातं, उपलब्ध अंश दुसरीत. एक आकडा ओल्या वजनावर असतो, दुसरा कोरड्या, आणि कागदावर दोन्हींपुढे फक्त 'मिलिग्रॅम प्रति किलो' लिहिलेलं. समजा मातीत ओल्या वजनाच्या २५ टक्के पाणी आहे. १ ग्रॅम ओल्या मातीतून ४५ मायक्रोग्रॅम निघाले. ओल्या वजनावर ते ४५ मिलिग्रॅम प्रति किलो, कोरड्यावर ६०. एकूण आकडा कोरड्यावर १०० असेल तर खरा अंश ६० टक्के, पण हिशोब न जुळवता भागलंत तर ४५. उलट बाजूने चूक झाली तर आणखी मजा. कोरड्यावर एकूण १००, म्हणजे ओल्यावर ७५. वर कोरड्यावरचे ८० ठेवले, खाली ओल्यावरचे ७५. लगेच १०७ टक्के.

यात आणखी एक खोच आहे. 'ओलावा २५ टक्के' हे ओल्या वजनाच्या की कोरड्या? ओल्या वजनाच्या २५ टक्के म्हणजे कोरड्या वजनाच्या ३३ टक्के. मातीशास्त्रातली माणसं बहुधा कोरड्या वजनावर बोलतात, रसायन प्रयोगशाळेतली बऱ्याचदा ओल्या. फोन करून विचारा. अंदाज नको.

ओलावा १०५ अंशांवर वाळवून काढायचा तो वेगळ्या भागाचा. त्याच वाळलेल्या मातीवर पुढे उपलब्धता मोजणारे मी पाहिलेत. ती माती आता त्या कामाची राहिली नाही.

३. नॅफ्थॅलीन बाजूला ठेवा

दोन कड्यांचं नॅफ्थॅलीन उडून जातं, ब्लँकमध्ये घुसतं, द्रावक आटवताना गायब होतं. पद्धत बिघडली की नाही हे त्याच्यावरून ठरवू नका. हिशोबाच्या तक्त्यातून ते तात्पुरतं काढा आणि फेनॅन्थ्रीन, पायरीन, बेंझो-ए-पायरीन या तिघांकडे बघा. एकूण बेरजेच्या टक्केवारीत दिसणारी अर्धीअधिक उलथापालथ कधीकधी एकट्या नॅफ्थॅलीनची असते. तसं असेल तर दोष द्रावक आटवण्याच्या पायरीत आहे. नायट्रोजनच्या झोतात किंवा रोटरीवर (कमी दाबाखाली द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर) पूर्ण कोरडं होईपर्यंत आटवू नका, तळाशी थोडा द्रावक राहू द्या. पुढे चला.

४. बेरीज करून बघा

आता पहिल्यांदा प्रयोगशाळेत जायचं, पण नवीन काही विकत न घेता.

उपलब्ध अंश काढून झाल्यावर मागे राहिलेली माती टाकून देऊ नका. तीच माती पूर्ण निष्कर्षणाला लावा, म्हणजे द्रावकाने तिच्यातलं सगळं काढून घ्या. सुटून आलेलं अधिक मागे राहिलेलं म्हणजे त्या नेमक्या चमचाभर मातीतलं एकूण. टक्केवारी या बेरजेवर काढा, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाटलीतून घेतलेल्या एकूणावर नको. हा बदल केला की १०० च्या वर जाणं गणितानेच अशक्य होतं. मग ही बेरीज स्वतंत्रपणे काढलेल्या एकूणाशी ताडून बघा. तीन शक्यता.

बेरीज आणि एकूण साधारण जुळतात, समजा ८० ते १२० टक्क्यांत. मग घोळ पुनरावृत्त्यांमधल्या मातीच्या फरकाचा आहे. पाचव्या तपासणीवर जा.

बेरीज एकूणापेक्षा बरीच कमी. काहीतरी हरवतंय: उडतंय, जिवाणू खाताहेत, प्रकाशात मोडतंय किंवा काचेला चिकटतंय. सातवी तपासणी.

बेरीज एकूणापेक्षा बरीच जास्त. मग छेदच लहान आहे. तुमचं पूर्ण निष्कर्षण पूर्ण नाही. या तिसऱ्या शक्यतेवर लोकांचा विश्वास बसत नाही, म्हणून जरा थांबून सांगते.

ओल्या मातीवर नुसतं हेक्झेन ओतलं तर ते पाण्याच्या थराआड अडतं, कणांच्या आत शिरतच नाही. त्यासाठी सोबत असिटोनसारखा पाण्यात मिसळणारा द्रावक लागतो, किंवा माती निर्जल सोडियम सल्फेटमध्ये कालवून घ्यावी लागते. यावर हमखास उत्तर येतं, 'पण आमची रिकव्हरी ९५ टक्के आहे!' ती रिकव्हरी, म्हणजे मुद्दाम टाकलेल्यातलं परत मिळालेलं, कशाची? निष्कर्षणाच्या पाच मिनिटं आधी टाकलेल्या ड्युटेरियमयुक्त (जड हायड्रोजनने खूण केलेल्या) संयुगाची. ते मातीच्या पृष्ठभागावर बसलेलं असतं, लगेच निघून येतं. वीस वर्षं मातीत मुरलेलं पायरीन सेंद्रिय पदार्थाच्या आणि काजळीच्या पोटात गेलेलं असतं. पाहुणा दारातून परत गेला म्हणून घरातली सगळी माणसं बाहेर पडली असं होत नाही. ती रिकव्हरी तुमच्या गाळण्या-आटवण्याबद्दल सांगते, मुरलेल्या प्रदूषकाच्या निष्कर्षणाबद्दल अवाक्षर नाही.

तपासायची पद्धत सोपी: एकदा निष्कर्षण झालेली माती पुन्हा दुसऱ्या द्रावकाने, शक्यतो सॉक्सलेटमध्ये (द्रावक उकळून पुन्हापुन्हा मातीतून फिरवणाऱ्या उपकरणात) टोल्युईनने, काढा. काजळी असलेल्या मातीत टोल्युईन जास्त ओढतं. दुसऱ्या फेरीत पहिल्या फेरीच्या दहाव्या भागापेक्षा जास्त निघालं तर तुमचा आजवरचा प्रत्येक छेद लहान होता आणि प्रत्येक टक्केवारी फुगलेली.

५. चमच्यातला डांबराचा कण

पुनरावृत्त्या एकमेकींशी जुळत नसतील तर हे वाचा. या तपासणीला मातीशिवाय आणि संयमाशिवाय काही लागत नाही.

जुन्या गॅस कारखान्यांच्या, लाकूड क्रिओसोटमध्ये (कोळशाच्या डांबरापासून काढलेल्या तेलात) मुरवण्याच्या किंवा डांबर साठवण्याच्या जागांवर पीएएच मातीत सारखं पसरलेलं नसतं. बराचसा भाग कणांमध्ये बसलेला असतो. गणित करा. १ मिलिमीटर व्यासाचा कोळसा-डांबराचा गोल कण, घनता १.२ धरली तर वजन साधारण ०.६३ मिलिग्रॅम. त्यात १० टक्के पीएएच धरा: ६३ मायक्रोग्रॅम. सायक्लोडेक्स्ट्रिनच्या पद्धतीत माती घेतो १.२५ ग्रॅम. म्हणजे हा एक कण तुमच्या चमच्यात आला तर ५० मिलिग्रॅम प्रति किलोने आकडा वर, दुसऱ्या चमच्यात गेला तर खाली. २ मिलिमीटरच्या चाळणीतून तो आरामात निसटतो. सोमवार-गुरुवारचा फरक टेनॅक्सवर ढकलण्याआधी हे आठवा.

खात्री करायला, एकाच बाटलीतून १-१ ग्रॅमचे पाच आणि १०-१० ग्रॅमचे पाच भाग घेऊन फक्त एकूण प्रदूषक मोजा. लहान भागांत पसारा मोठा आणि मोठ्या भागांत लहान असेल तर दोषी कण आहेत.

उपाय सुचेल तो बहुधा चुकीचा असेल: माती दळणे. एकूण मोजायला दळलेली माती उत्तम, उपलब्धतेसाठी मात्र निषिद्ध. कण फोडला की आत कोंडलेलं प्रदूषक उघड्यावर येतं आणि तुम्ही जे मोजायला निघालात तेच बदलून जातं. एका ठिकाणी मी पुनरावृत्त्या सुंदर जुळलेल्या पाहिल्या, तीनही आकडे अगदी शेजारी शेजारी. कारण विचारलं तर 'बॉल मिलमधून काढली' असं उत्तर आलं. तीनही आकडे एकसारखे चुकीचे होते.

मग करायचं काय? माती न दळता, शंकू करून चार भाग पाडत, नीट मिसळत लहान भाग काढा. जास्त माती घ्या, त्या प्रमाणात शोषक आणि द्रावणही वाढवा. पुनरावृत्त्या तीनऐवजी सहा करा. आणि प्रत्येकीची टक्केवारी तिच्या स्वतःच्या उरलेल्या मातीवरून काढा, चौथ्या तपासणीत सांगितलं तशी. डांबराचा कण मग वर आणि खाली दोन्हीकडे मोजला जातो. पसारा पूर्ण जात नाही, पण त्याचं कारण तरी कळतं.

६. मातीचा इतिहास विचारा

माती उन्हात वाळवली होती? गोठवून वितळवली? गाडीच्या डिकीत आठवडाभर राहिली? वाळवल्याने, गोठवल्याने मातीची रचना बदलते आणि तिच्यासोबत सुटून येण्याचा वेगही. उबेत ठेवलेल्या ओल्या मातीत जिवाणू नेमका उपलब्ध भाग आधी खातात, म्हणजे तुम्ही पोहोचेपर्यंत तोच कमी झालेला असतो. अंधारात ४ अंशांवर, ओल्या अवस्थेत ठेवा आणि लवकर मोजा.

प्रयोगशाळेत प्रदूषक मिसळून बनवलेल्या मातीवर पद्धत बसवली असेल तर तिची टक्केवारी शेतातल्या मातीशी ताडून बघू नका. मार्टिन अलेक्झांडर यांच्या गटाने १९९० च्या दशकात दाखवून दिलं की संयुग मातीत जितकं मुरतं तितकं ते जिवाणूंना कमी मिळतं, जरी जोरदार द्रावकाने काढल्यावर एकूण जवळपास तेवढंच दिसत असलं तरी. काल मिसळलेलं फेनॅन्थ्रीन ९० टक्के सुटतं म्हणून हुरळून जाण्यासारखं काही नाही.

७. बाटलीत काय होतंय

आता वरचा आकडा, म्हणजे अंश. इथून थोडा खर्च सुरू.

जिवाणू: घुसळणीच्या तासांत जिवाणू गप्प बसत नाहीत. सायक्लोडेक्स्ट्रिन तर साखरेचंच कडं. म्हणून सोडियम अझाइडसारखं जिवाणूनाशक घालतात. इथं एक इशारा, आणि तो गंमतीत घेऊ नका. अझाइड आम्लात पडलं तर विषारी हायड्रॅझोइक आम्ल तयार होतं. तांब्याच्या किंवा शिशाच्या नळात ओतलं तर स्फोटक क्षार साचतात. डायक्लोरोमिथेन किंवा क्लोरोफॉर्मशी त्याची गाठ पडली तरीही स्फोटक संयुगं बनू शकतात. म्हणून अझाइड घातलेल्या मातीच्या पुढच्या निष्कर्षणात डायक्लोरोमिथेन वापरू नका, हेक्झेन-असिटोनवर राहा. कचरा वेगळ्या, लेबल लावलेल्या डब्यात.

प्रकाश आणि तापमान: पीएएच प्रकाशात मोडतात. तपकिरी बाटली किंवा वर फॉइल. उष्णता वाढली की सुटण्याचा वेग वाढतो, त्यामुळे रात्री एसी बंद होणाऱ्या खोलीतली २० तासांची घुसळण रोज वेगळी असते. शेकर तापमान नियंत्रित कपाटात ठेवा.

टेनॅक्सचे मणी: टेनॅक्स पाण्यावर तरंगतं, यावरच पद्धत उभी आहे. माती खाली बसते, मणी वरून काढून घ्यायचे. पण कोळशाचे हलके कण आणि वनस्पतींचे तुकडेही तरंगतात. ते मण्यांसोबत द्रावकात गेले की तुम्ही शोषकाबरोबर मातीच काढलेली असते. सुरुवातीला सांगितलेलं ते सपाट लक्षण इथं ओळखा. खऱ्या सुटण्यात हलकी संयुगं जास्त आणि जड कमी यायला हवीत, कारण जड संयुगं सेंद्रिय पदार्थाला घट्ट धरून बसतात. सहा कड्यांचं संयुग तीन कड्यांच्या बरोबरीने निघालं तर बहुधा सुटून आलेलं काही नाही, कणच उचलले गेलेत. टेनॅक्स न घालता एक बाटली घुसळून बघा, वर काय तरंगतं ते डोळ्यांनीच दिसेल. मणी सेपरेटरी फनेलमध्ये पाण्याने दोन-तीनदा धुवा. तरीही काळे कण सुटत नसतील तर या मातीसाठी टेनॅक्स सोडा, सायक्लोडेक्स्ट्रिनकडे वळा.

आणखी एक. काचेच्या भिंतीवर चिकटलेले मणी तसेच राहू देऊ नका, त्यांच्यात तुमचा आकडा चिकटलेला असतो.

क्षमता: शोषक दुप्पट करा. आकडा हलला नाही तर ठीक. वाढला तर शोषक अपुरं होतं. सायक्लोडेक्स्ट्रिनमध्ये हे जास्त घडतं. हिशोब वरवर दिलासा देणारा आहे: ५० मिलिमोलरचं २५ मिलिलिटर द्रावण म्हणजे १.२५ मिलिमोल सायक्लोडेक्स्ट्रिन, आणि १.२५ ग्रॅम मातीत ५००० मिलिग्रॅम प्रति किलो पीएएच असलं तरी ते साधारण ०.०३ मिलिमोल भरतं. चाळीसपट जागा. पण मातीत ५ टक्के तेल असेल तर त्याचेच ६० मिलिग्रॅमच्या वर होतात आणि तेही त्याच पोकळीसाठी रांगेत उभं. शिवाय ही पकड समतोलाची आहे, सगळं ओढून घेणारी नाही. बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनची पोकळी सात ग्लुकोजची, ०.६ ते ०.६५ नॅनोमीटरची. पाच-सहा कड्यांची संयुगं तिच्यात नीट बसत नाहीत. तेलकट किंवा सेंद्रिय पदार्थाने गच्च मातीत एकदा काढून झाल्यावर ताजं द्रावण घालून पुन्हा काढा. दुसऱ्या खेपेत भरपूर आलं तर पहिल्या खेपेचा आकडा द्रावणाची मर्यादा दाखवत होता, मातीची नाही.

सायक्लोडेक्स्ट्रिनचं द्रावण थेट जीसीमध्ये (गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये) टोचू नका, हे सांगायची गरज पडू नये. पडते.

८. पॅसिव्ह सॅम्पलर वापरत असाल तर

ही सगळ्यात लांब चालणारी तपासणी, म्हणून शेवटी.

फिल्मचा आकडा खरा मानायला एक अट आहे: माती, पाणी आणि फिल्म यांच्यात समतोल झालेला असावा. 'चार आठवडे ठेवली' हा पुरावा नव्हे. दोन जाडीच्या फिल्म एकाच बाटलीत ठेवा, समजा २५ आणि ५० मायक्रॉन. समतोल झाला असेल तर प्रति ग्रॅम फिल्ममधली संहती दोन्हींत सारखी येईल. पातळ फिल्ममध्ये जास्त आली तर दोन कारणं असू शकतात. एक, जाड फिल्म अजून भरतेय. दुसरं, फिल्मच्या पृष्ठभागावर तेल-डांबराचा लेप बसलाय, आणि पातळ फिल्मला वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त असल्याने तिथं तो ठळक दिसतो. वेगळं कसं करायचं? वेळ दुप्पट करा. फरक मिटला तर समतोलाचा प्रश्न होता. तसाच राहिला तर लेप. लेप असेल तर मोकळ्या संहतीचा आकडा फुगलेला आहे, पुसून फारसा उपयोग होत नाही.

फिल्म खूप मोठी घेतली तर तीच मातीतला साठा उपसते. फिल्मने ओढलेलं प्रमाण मातीतल्या एकूणाच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवा.

शेवटी गुणकाचा तक्ता. फिल्ममधल्या संहतीवरून पाण्यातली काढायला विभाजन गुणांक (फिल्म आणि पाणी यांतल्या संहतींचं गुणोत्तर) लागतो आणि तो लॉगमध्ये दिलेला असतो. दोन प्रकाशित तक्त्यांत ०.३ चा फरक म्हणजे उत्तरात दुपटीचा फरक. एक तक्ता निवडा, अहवालात लिहा, मध्येच बदलू नका. आणि सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी थेट मोजून फिल्मशी तुलना करत असाल तर त्या पाण्यात विरघळलेलं सेंद्रिय कार्बन आहे, त्याला चिकटलेलं प्रदूषकही मोजलं जातं. ते मोकळं नाही.

गांडुळांबद्दल एवढंच: मोजण्याआधी ओल्या फिल्टर पेपरवर दिवसभर उपाशी ठेवली नसतील तर तुम्ही त्यांच्या पोटातली माती मोजली आहे.

कुठे थांबायचं

पुढच्या स्थितींत स्वतः खटपट करू नका.

मातीत पाणी घालून हलवल्यावर वर तेलाचा तवंग आला किंवा तळाशी वेगळं डांबर साचलं, तर वरच्या बहुतेक पद्धतींची गृहीतकं तिथं लागू पडत नाहीत. अशा जागांवर काम केलेल्या तज्ज्ञाला बोलवा.

बाटली उघडताच पेट्रोलसारखा किंवा द्रावकाचा वास आला तर झाकण लावा. बेंझीनसारखी उडणारी संयुगं या पद्धतींनी मोजता येत नाहीत, आणि ती तुमच्या फुप्फुसात जातात. उडणाऱ्या संयुगांसाठी नमुना वेगळ्या पद्धतीने घ्यावा लागतो.

फ्युम हूड नाही, अझाइडच्या कचऱ्याची सोय नाही? मग सातवी तपासणी तुमच्यासाठी नाही.

जीसी-एमएसवर (गॅस क्रोमॅटोग्राफला जोडलेल्या मास स्पेक्ट्रोमीटरवर) जड पीएएचची शिखरं पसरट होत असतील, मानक द्रावणाचा प्रतिसाद रोज घसरत असेल, तर इन्लेट आणि कॉलम बघणं ठीक. आयन सोर्स उघडायची सवय नसेल तर सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा. मातीला दोष देत बसू नका.

तीन वेगवेगळ्या दिवशी केलेली बेरीज ७० टक्क्यांच्या खाली किंवा १३० च्या वर राहिली तर नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला द्या.

आणि या आकड्यावर कुणाचं आरोग्य, जागेची सफाई किंवा कोर्टातला दावा अवलंबून असेल तर पहिल्या दिवसापासूनच त्यांच्याकडे जा. मातीत खेळणाऱ्या मुलाच्या पोटात गेलेल्या मातीतून किती शोषलं जाईल, याचं उत्तर टेनॅक्स किंवा सायक्लोडेक्स्ट्रिन देत नाही. त्यासाठी जठर-आतड्याचं अनुकरण करणाऱ्या वेगळ्या चाचण्या आहेत, आणि जोखमीचं मूल्यमापन हे वेगळंच कसब आहे. २० तासांच्या घुसळणीत उपलब्ध अंश कमी आला म्हणून जागा मुलांसाठी सुरक्षित आहे असं लिहून देणारा कागद मी एकदा वाचलाय. तो लिहिणाऱ्याला आपण काय मोजलं हे माहीत नव्हतं.

तज्ज्ञाकडे जाताना नुसती टक्केवारी नेऊ नका. ओल्या-कोरड्या वजनाची नोंद, वेळ, तापमान, शोषकाचं प्रमाण, ब्लँक, प्रत्येक पुनरावृत्तीचा वेगवेगळा आकडा, आणि उरलेली माती, लेबल लावून, फ्रीजमध्ये. ही माती टाकून दिली असेल तर त्यालाही पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि तो तुम्हाला पहिला प्रश्न ओलाव्याचाच विचारेल.